स्वस्त घर आणि भरलेली गाडी

मुंबईत नोकरीसाठी नव्यानं येणाऱ्या जोडप्यानं परवडणारं उपनगर कसं निवडावं, यावर सोप्या भाषेत लिहा आणि जमल्यास चार-पाच नावंही द्या, असं संपादकांनी कळवलं होतं. लेख देते, नावं देणार नाही, असं मी त्यांना तेव्हाच सांगितलं. कुठल्या ना कुठल्या पुरवणीत ‘खिशाला परवडणारी दहा उपनगरं’ अशी यादी छापून येते आणि दर वेळी मला ती वाचून त्रास होतो. यादीत चौरस फुटाचा भाव असतो, जवळची शाळा असते, मॉल असतो. तिथं राहणारा माणूस सकाळी कामावर कसा पोचतो, हे नसतं.

मी वाहतूक नियोजनाचं काम करते. फलाटावर मोजणी करणारी मुलं उभी करायची, कोणत्या गाडीत किती चढले, किती उतरले, किती मागं राहिले हे लिहून घ्यायचं आणि त्यावरून आराखडे मांडायचे, हे माझं आयुष्यभराचं काम. या कामानं एक गोष्ट पक्की शिकवली. उपनगर आपलं आपण स्वस्त किंवा महाग नसतं. अमुक माणसाला, अमुक ठिकाणी, अमुक वाजता पोचायचं असेल तर ते स्वस्त किंवा महाग ठरतं. सरकारनंही हे ध्यानात घेतलेलं नाही. २०१९पासून जीएसटीच्या सवलतीसाठी ‘परवडणारं घर’ म्हणजे महानगरात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचं आणि ४५ लाखांपर्यंत किमतीचं घर, अशी व्याख्या आहे आणि त्यासाठी संपूर्ण मुंबई महानगर प्रदेश एकच धरला आहे. व्याख्येत क्षेत्रफळ आहे, किंमत आहे. ठिकाण नाही.

आमच्या शास्त्रात ठिकाणाचा विचार फार जुना आहे. जर्मनीतल्या फॉन थ्युनेन या जमीनदारानं १८२६मध्ये बाजारपेठेपासूनच्या अंतराप्रमाणे शेतजमिनीचा मोबदला कसा घटतो हे मांडलं. १९६४मध्ये विल्यम अलोन्सो यांनी तेच सूत्र शहराला लावलं: मध्यापासून जितकं दूर जावं तितका प्रवासाचा खर्च वाढतो, म्हणून तितकी जागा स्वस्त होते. म्हणजे दूरच्या घरात वाचलेले पैसे प्रवासात जातातच. पुढं शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेनं यातून सोपा निकष काढला. घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत बसत असेल तर ते ठिकाण परवडणारं.

हा निकष मुंबईला जसाच्या तसा लावला तर उत्तर चुकतं. इथं लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास काही शे रुपयांत मिळतो. त्यामुळे कागदावर बदलापूर, टिटवाळा, विरार ही सगळी ठिकाणं फायद्याची दिसतात. प्रत्यक्षात पैशांचा खर्च स्टेशनच्या बाहेर सुरू होतो. समजा, स्टेशनपासून संकुलापर्यंत शेअर रिक्षाचे माणशी वीस रुपये होतात. दोघं, जाऊन-येऊन, महिन्याचे पंचवीस दिवस: दोन हजार रुपये झाले. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या रेल्वे प्रवासापेक्षा दोन-तीन किलोमीटरची रिक्षा महाग पडते. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ही जाहिरातीतली पाच मिनिटं कुणाची, कोणत्या वेळची आणि कशानं, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. संध्याकाळी सात वाजता रिक्षाच्या रांगेत उभं राहून घड्याळ पाहावं.

पण खरी किंमत रुपयांत नसतेच. ती वेळात आणि शरीरात चुकती होते. इथं मला थोडं खोलात जावं लागेल, कारण याच मुद्द्यावर माझं माझ्या व्यवसायबंधूंशी कधी पटलेलं नाही.

घर घेताना लोक किलोमीटर मोजतात. सीएसएमटीपासून ठाणे ३४, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. या हिशेबानं ठाण्याच्या पलीकडचे कळवा, मुंब्रा, दिवा हे पट्टे बदलापूरपेक्षा उघडच बरे वाटतात. जवळ आहेत आणि घर आवाक्यातलं मिळतं. पण सकाळी या स्थानकांत येणारी गाडी कुठून आलेली असते? कसारा आणि कर्जत या दोन फाट्यांवरच्या गाड्या कल्याणला एकत्र येतात. तिथं गाडी भरते, डोंबिवलीला गच्च होते आणि मग दिव्याला पोचते. रेल्वेच्या परिभाषेत या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात: उभं राहण्याच्या जागेत दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. अशा डब्यात दिव्याला चढायचं तर दारातच राहावं लागतं. जून २०२५मध्ये दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले, ते याच पट्ट्यात. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत मात्र बसायला मिळू शकतं. जास्त किलोमीटर, पण बसून. कमी किलोमीटर, पण जीव मुठीत धरून. या दोन्हींना आमची जुनी प्रारूपं फक्त मिनिटांत मोजतात आणि दिव्याला झुकतं माप देतात.

म्हणून दिव्याचे प्रवासी वर्षानुवर्षं दिवा-सीएसएमटी लोकल मागत आले आहेत. जानेवारी २०१५मध्ये तिथं प्रवाशांचा मोठा उद्रेक झाला. डिसेंबर २०१६पासून काही जलद गाड्या थांबू लागल्या. थांबा मिळाला म्हणजे जागा मिळाली असं होत नाही, उलट भरलेल्या गाडीला आणखी एक फलाट जोडला जातो. सुटणारी गाडी द्या, ही मागणी मला मनापासून पटते. गाड्या चालवणाऱ्यांचा आक्षेप असा की, दिव्याला गाडी उलटवायची तर फलाट काही मिनिटं अडतो. दर तीन-चार मिनिटांना गाडी धावणाऱ्या मार्गावर तेवढ्या वेळात मागची गाडी खोळंबते आणि कल्याणहून येणारी एक फेरी बुडते. एकूण प्रवाशांची सरासरी पाहिली तर तोटा होतो, असं ते दाखवून देतात. आकडे त्यांचे बरोबरच असतात. माझं म्हणणं एवढंच की, सरासरी हा इथं योग्य निकष नाही. ज्याला रोज तीन गाड्या सोडाव्या लागतात त्याचा त्रास, ज्याला बसून एक मिनिट उशीर होतो त्याच्या त्रासात मिसळून टाकता येत नाही. प्रत्येक स्थानकाला गर्दीच्या तासात चढता येण्याची किमान हमी हवी आणि वेळापत्रक त्या हमीभोवती रचायला हवं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली, तेव्हा हा विचार करण्याची संधी होती. आमच्या बैठकांत तो मांडला की, ‘हे भावनिक आहे’ असं उत्तर येतं. मोजणीचे तक्ते समोर ठेवले तरी येतं.

बदलापूरची बाजू मी घेते आहे असं वाटेल, तर तिथली अडचणही सांगते. कल्याणच्या पलीकडे कर्जतच्या दिशेला आज दोनच रूळमार्ग आहेत आणि त्यांवरून पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही जातात. म्हणून तिथं फेऱ्या कमी. एक चुकली की पुढचीला बराच वेळ. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका पुरी होईपर्यंत यात मोठा फरक पडणार नाही.

गेल्या वर्षी ओळखीतून एक जोडपं माझ्याकडे आलं, मूळचं लातूरकडचं. तो रबाळ्याच्या एका कारखान्यात, ती गोरेगावला हिशेबाच्या कामाला. बदलापूर पूर्वेला, स्टेशनपासून बरंच आत, घर घेऊन झालं होतं. “मॅडम, मेट्रो कधी येईल?” एवढंच त्यांना विचारायचं होतं. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो कागदावर आहे, ती धरून काही ठरवू नका, असं मी सांगितलं. दोघांचे चेहरे उतरले. तिचा रोजचा रस्ता असा: शेअर रिक्षा, घाटकोपरपर्यंत लोकल, मेट्रोनं अंधेरी, पुन्हा लोकलनं गोरेगाव. संध्याकाळी हेच उलट, आणि घरी पोचल्यावर स्वयंपाक. काही महिन्यांनी तिनं नोकरी सोडल्याचं कळलं.

हे प्रकरण मनातून जात नाही, कारण त्या व्यवहारात सांगण्यासारखं काहीच चुकलेलं नव्हतं. महारेराची नोंदणी खरी होती, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं होतं, चटई क्षेत्र करारात होतं तेवढंच भरलं, हप्ता दोन पगारांना झेपेल असा होता. फक्त ते दोन पगार त्या घरात राहून मिळवता येत नव्हते. अलोन्सोंच्या प्रारूपात शहराला एकच मध्य आणि घराला एकच कमावता. मुंबईचा मध्य केव्हाच फुटला. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, ऐरोली-महापे, ठाणे, प्रत्येकाचं वेगळं ओढणं आहे, आणि लोकलचे प्रमुख मार्ग मात्र अजून उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम जायला जिथं सोय आहे तिथंच दोन नोकऱ्यांचं घर टिकतं. २०१४मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोनं अशा किती नोकऱ्या वाचवल्या असतील, याचा अभ्यास व्हायला हवा. घर निवडताना नवऱ्याचं कार्यालय नकाशावर आधी टिंब म्हणून येतं आणि बायकोचं ‘नंतर बघू’ म्हणून राहतं. नंतर बघायला नोकरीच उरत नाही. ज्याचा किंवा जिचा प्रवास अधिक अवघड, त्याच्यापासून मोजायला सुरुवात करा, हे मी भेटेल त्याला सांगते.

या जोडप्यानं आधी ऐरोली किंवा घणसोलीत भाड्यानं राहून पाहिलं असतं तर? घणसोलीच्या गावठाणात स्थानिकांनी गरजेपोटी बांधलेल्या इमारतींमधून एका खोलीचं घर कमी भाड्यात मिळतं. ती घरं विकत घेऊ नयेत, बांधकामाची परवानगी हा तिथला न सुटलेला प्रश्न आहे. इमारतीची अवस्था नीट पाहून घेतली तर काही काळ राहायला ती उपयोगी पडतात. तिला ऐरोलीचा पूल ओलांडून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानं जाता आलं असतं. रस्ता तुंबतो, तरी चार वाहनं बदलावी लागत नाहीत.

पण भाड्यानं राहणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असं आपल्याकडे घराघरांत ठरून गेलं आहे. मला हे फार खटकतं. नव्या शहरात पहिलं वर्ष भाडं भरणं म्हणजे माहिती विकत घेणं आहे. तेही घाबरत घाबरत करण्याचं कारण नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अन्वये करार लेखी आणि नोंदलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांची तर निव्वळ प्रथा आहे. दोन-तीन वर्षांचा करारही करता येतो, तसा मागा.

या वर्षात एक पावसाळा आणि एक मे महिना काढा. जुलै २०१९मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. उल्हास नदीचं पाणी कुठवर येतं हे जाहिरातीतल्या चित्रात दिसत नाही, शेजारी विचारलं की लगेच कळतं. मे महिन्यात टँकर पाहा. सोसायटीच्या सचिवांकडे एप्रिल-मेची देखभालीची बिलं मागा. टँकरचा खर्च तिथं स्वच्छ लिहिलेला असतो. वसई-विरार पट्ट्याला सूर्या धरणाचं वाढीव पाणी मिळेपर्यंत लोकांनी काय सोसलं, ते तिथं राहणाऱ्यांना विचारावं.

कागदपत्रं वकिलाचं क्षेत्र आहे, म्हणून एवढंच: नुसत्या महारेरा क्रमांकावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या जोडून नोंदणी मिळवलेल्या इमारती उघडकीला आल्या आहेत. २०२५च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या गेल्या. त्या सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर होत्या. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बांधकाम परवानगी स्वतः पडताळा.

आणि येऊ घातलेल्या मार्गांसाठी आज पैसे मोजू नका. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११मध्ये सुरू झालं, गाडी धावली नोव्हेंबर २०२३मध्ये. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००७ची, उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये. या भरवशावर उलव्यात आणि तळोज्यात ज्यांनी घरं घेतली, त्यांची मुलं शाळा संपवून बाहेर पडली. मी स्वतः अशा प्रकल्पांच्या आराखड्यांवर काम करते आणि ते व्हावेत असं मला तळमळीनं वाटतं. तरीही आराखड्यातली तारीख घराच्या हिशेबात धरू नका, असंच मी म्हणेन.

नावं नाहीत तर नाहीत, पण वाचकाला काहीतरी साधन द्या, असा संपादकांचा आग्रह होता. साधन द्यायचं ते माझ्या हातात नाही. कोणत्या स्थानकावर, कोणत्या तासाला, किती जण गाडीत चढू न शकल्यामुळे मागं राहतात, हे मोजता येतं. आम्ही ते मोजत आलो आहोत. असे आकडे अहवालांत पडून राहतात, घर घेणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. चटई क्षेत्र कसं मोजायचं हे २०१६च्या रेरा कायद्यानं ठरवून दिलं आणि बांधकाम व्यावसायिकांना ते छापावं लागलं. तसंच प्रत्येक प्रकल्पाच्या माहितीत स्टेशनपर्यंतचं पायी अंतर, पाण्याचा स्रोत आणि जवळच्या स्थानकावर सकाळी आठ ते दहा या वेळात पहिल्याच गाडीत चढू शकणाऱ्यांचं प्रमाण, या तीन ओळी सक्तीच्या कराव्यात. मोजणीची पद्धत तयार आहे आणि ती करू शकणारी मुलंही.