उसाची ट्रॉली आणि मोटारसायकल

जानेवारी 2021. उसाचा हंगाम भरात होता आणि कोरोनामुळे धाराशिव जिल्ह्यातली कॉलेजं बंद होती. बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा माझा भौतिकशास्त्राचा तास मोबाइलवर चालायचा. भूम, परंडा, कळंब भागातली मुलं तास सुरू झाला की एकेक करून गळायची. एक जण रेंजसाठी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसायचा. एका मुलीच्या घरात एकच फोन, तोही दिवसभर वडिलांबरोबर रानात. ती रात्री जेवणं उरकल्यावर 'हजर' व्हायची.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर पाऊण तास बोललो आणि विचारलं, "काही शंका?" कुणीच बोललं नाही.

त्या शांततेने अस्वस्थ झालो, तेव्हा एरिक मेझर आठवले. हार्वर्डच्या या प्राध्यापकांना 1990 च्या सुमारास असाच धक्का बसला होता. अवघड गणितं सोडवणारे त्यांचे विद्यार्थी साध्या प्रश्नावर अडले: जड ट्रक हलक्या गाडीवर आदळला, तर जास्त बल कोण लावतं? मेझरांनी व्याख्यान आखडतं घेतलं. आधी प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा उत्तर. 'पीअर इन्स्ट्रक्शन' नावाने ही पद्धत जगभर गेली.

मी ट्रकच्या जागी उसाची ट्रॉली घेतली आणि गाडीच्या जागी मोटारसायकल. पाऊण तासाऐवजी आठ मिनिटांचा आवाज रेकॉर्ड केला, वहीच्या दोन पानांचे फोटो काढले आणि संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर टाकले. एवढं कमी रेंजमध्येही उतरतं. खाली प्रश्न: जास्त बल कुणाचं? अ) ट्रॉलीचं, ब) मोटारसायकलचं, क) दोघांचं सारखंच. उत्तर फक्त मला पाठवायचं, कारणासकट.

रात्री सव्वादहाला त्या मुलीचा आवाज आला. "सर, ट्रॉलीचंच जास्त असणार की! मोटारसायकल कुठल्या कुठं उडून पडती, अन् ट्रॉलीला ओरखडाबी पडत नाही."

बहुतेकांनी 'अ'च पाठवलं होतं. चूक-बरोबर काहीच न सांगता मी तिघातिघांचे गट केले आणि एकमेकांना फोन करायला सांगितलं. दुसऱ्या रात्री तिचाच निरोप आला: "मैत्रीण म्हणली, भिंतीवर हात आपट, भिंतीला जेवढं लागंल तेवढंच हाताला लागंल. सर, बल सारखंच हाय. मोटारसायकल हलकी, म्हणून तिचा वेग झटक्यात बदलतो."

मी ते पाऊण तासात सांगितलं होतं. तिला ते पटलं मैत्रिणीशी वाद घातल्यावर.

ऑनलाइन शिक्षणाने जिल्ह्यासाठी मोठं दार उघडलं आहे, यात शंका नाही. 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या या भागातल्या मुलांना 'स्वयम्'वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम घरबसल्या मिळतात. 2017 साली सुरू झालेल्या या मंचावरून एका सत्रातल्या एखाद्या शाखेच्या 40 टक्क्यांपर्यंत विषय घेण्याची मुभा यूजीसीने 2021 मध्ये दिली. पण बरेचसे अभ्यासक्रम इंग्रजीत, आणि रेकॉर्ड केलेलं व्याख्यान मुलाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून थांबत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने त्यावर चांगली वाट काढली आहे: दहा-एक मिनिटांचे छोटे धडे, त्यातले अनेक मराठी आवाजातही. अर्ध्या पडद्यावर धडा चालतो, उरलेल्या अर्ध्यावर विद्यार्थ्याने तेच स्वतः करून पाहायचं. हात गुंतला की लक्षही गुंततं.

20 ऑक्टोबर 2021 ला राज्यातली कॉलेजं उघडली. नेहमीच्या व्याख्यानाकडे परतायचं नाही, हे मी ठरवलं होतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी अ, ब, क ही अक्षरं ठळक लिहून आणली. पहिला प्रश्न विहिरीचा होता: बादली एकाच वेगाने वर येत असताना दोराचा ताण तिच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढाच?

कार्डं वर गेली. रात्री 'हजर' होणारी ती मुलगी आता दुसऱ्या बाकावर होती. तिच्या हातात 'अ', शेजारणीच्या हातात 'क'. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी दोघी उठल्या नव्हत्या. एकीने वहीत बादली काढली होती आणि दुसरी पट्टीने वर-खालचे बाण मोजत होती.