पासपोर्टचं शेवटचं पान

बाबांची तेरवी झाली आणि चार दिवसांनी मी आणि ताई वारसनोंदीचे कागद घेऊन ओसरीत बसलो. मृत्यूचा दाखला, जुना सातबारा, आधार कार्डं. ताईनं पर्समधून निळा पासपोर्ट काढून त्या ढिगात ठेवला. भारताचा, पण रद्द झालेला; आत तसा शिक्का. तिनं शेवटचं पान उघडलं. आपल्या पासपोर्टच्या त्या पानावर वडिलांचं नाव असतं, आईचं असतं, आणि पूर्ण पत्ता: मुक्काम, पोस्ट, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला.

"नव्यात हे पान नाई रे," ती म्हणाली.

ब्रिटिश पासपोर्टात आईबापांची नावं नसतात. दहा वर्षं झाली तिला तो घेऊन, आणि मला हे त्या दिवशी कळलं.

ताई अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकली, आम्ही पीकेव्ही म्हणतो तिथं. पुढे दोन वर्षं पुण्यात, मग मातीवरच्या संशोधनासाठी एडिनबरोला. गावात ती बाबांची पोरगी होती. पुण्याच्या वसतिगृहात 'मले-तुले' ऐकून मुली हसायच्या, तिथं ती वऱ्हाडी झाली. भारतीय असण्याशी तिची गाठ स्कॉटलंडमध्येच पडली, कारण तिथं पहिला प्रश्नच तो असायचा.

18 सप्टेंबर 2014 ला स्कॉटलंडनं युनायटेड किंग्डममधून वेगळं व्हावं की नाही यावर मतदान झालं. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक तिथं रीतसर राहत होते, त्यांनाही मत होतं. तेव्हा ताईकडे भारताचाच पासपोर्ट होता. ती मत टाकून आली आणि बाबांना फोन लावला. "त्यायचा देश कोणता, हे ठरवाले मले बोलावते बाबा. अन् आपल्या ग्रामपंचायतीच्या मतदानाले मी नाई." बाबा बराच वेळ बोलत राहिले, ते विदर्भावर. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं 1955 साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, पण आम्हाला असं पेटीसमोर उभं करून सरकारनं कधी विचारलं नाही. बाबांना ते आयुष्यभर लागून राहिलं होतं. तिकडे 55 टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं आणि स्कॉटलंड होतं तिथंच राहिलं.

पुढच्या दोन वर्षांत ताईनं तिथलं नागरिकत्व घेतलं. मुलं तिथं वाढत होती, कामासाठी युरोपात जायचं तर दरवेळी व्हिसाची रांग. कारणं खरी होती. तेव्हा राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागायची. आणि आपल्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम स्पष्ट आहे: स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. शपथ झाली त्या रात्री तिचा फोन आला नाही. बाबांनीच लावला. "काहून वं, काई चुकलं काय?" एवढंच विचारलं त्यांनी. ती रडली, हे तिनं मला आता सांगितलं.

ताईच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव, आमचे भाऊसाहेब, त्याच एडिनबरोत शिकले. 1920 च्या दशकात तिथली एम.ए., ऑक्सफर्डची डी.फिल., शिवाय बॅरिस्टरी. तेव्हा भारतीय नागरिकत्व नावाची गोष्टच नव्हती. वऱ्हाडाचं तर आणखी अवघड: कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचं, आणि 1902 च्या करारानं मुलूख वर्षाला 25 लाख रुपयांवर इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानं. पापळच्या मुलानं स्वतःला कोणाची प्रजा म्हणायचं? ते परतले आणि 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून लढ्यात उतरले. आपले म्हणजे कोण, हे त्यांनी आधी स्वतःच्या गावकऱ्यांनाच विचारलं.

ऑगस्ट 1949 मध्ये घटना समितीत नागरिकत्वाची कलमं आली, तेव्हा हेच भाऊसाहेब उभे राहिले. या मसुद्यानं भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. हिंदू किंवा शीख माणूस जगात कुठंही राहत असो, दुसऱ्या देशाचा नागरिक नसेल तर त्याला हक्क असावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. सभागृहानं ती मानली नाही. योग्यच झालं. अंबादेवीचं दार उघडायला निघालेल्या माणसानं देशाच्या दारात धर्म विचारावा, हे मला आजही पटत नाही. पण 'स्वस्त' हा शब्द ताईच्या मनात रुतला आहे. "मले तर जन्मानं फुकट भेटलं होतं," ती म्हणते, आणि पुढे बोलत नाही.

आमच्या धुऱ्याला लागून दोन एकर वावर विकायला निघालं होतं. ताई तिथं जाऊन आली, ढेकूळ फोडून पाहिलं, पराटीच्या मुळाशी बोटं घातली. तिला ते घ्यायचं होतं. तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर भारतात केव्हाही येता येतं, हवं तितकं राहता येतं. मत मात्र देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं मिळते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती घेता येत नाही, पण तो कायमचा गावी परतला की त्याची आडकाठी सरते. ताईची सरणार नाही.

"म्हणजे बापाचं वावर चालते, अन् इकतचं नाई?" शेजारच्या काकांनी विचारलं. ताई म्हणाली, "हाव काका."

महिन्याभरात फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आता आईचं, ताईचं आणि माझं नाव आहे. शेजारचं दोन एकर मी घेतलं, एकट्याच्या नावावर. यंदा त्यात तूर आहे.