कॉटर, खलबत्ता आणि धावड्याचा ठोकळा

बाबा नागपूरच्या लकडगंजात एका आरा मशीनवर मुनीम होते. त्यांची काळी ॲटलस, रॉड ब्रेकवाली, अठ्ठावीस इंची चाकांची, ते गेल्यावर टिनाच्या शेडमध्ये कितीतरी पावसाळे उभी होती. २०२०च्या मे महिन्यात मी ती बाहेर काढली. टाळेबंदीत सायकलची दुकानं बंद. इतवारीची लोहा ओळ पायी जाण्याइतकी जवळ, पण तीही बंद. घरात हत्यारं म्हणजे एक पाना, पक्कड, पेचकस आणि आईचा लोखंडी खलबत्ता.

गंजानं लोखंड खाल्लं म्हणजे ते सैल पडेल, असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, त्यामुळे भोकातली पिन जागच्या जागी पाचर मारल्यासारखी आवळत जाते. तेल मुरायला वेळ लागतो तो यामुळेच. शिलाई मशीनच्या तेलात थोडं डिझेल घालून मी ते सगळ्या सांध्यांवर सोडलं आणि रात्रभर हात लावला नाही. तापवून सैल करण्याचा उपाय सगळे सांगतात, पण तो इथे बाद. चारी बाजूंना सागाचे ओंडके आणि भुशाचे ढीग असताना लकडगंजात कोणी ब्लो लॅम्प पेटवत नाही, आणि पेटवूही नये.

पायडलं आधी काढायची, क्रँक सायकलला असतानाच. एकदा क्रँक सुटली की तिला धरायचं कशात? डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पुष्कळांना माहीत असतं आणि ऐन वेळी कोणालाच आठवत नाही. पाना पायडलच्या दांड्यावर वर उभा राहील असा लावा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पायडलं त्याच दिशेनं सुटतात. पण तसं ओढलं की क्रँकच उलटी फिरते, म्हणून ती दोरीनं मागच्या दांडीला करकचून बांधली. पान्यावर नळाच्या जुन्या पाइपचा तुकडा चढवला. हात दुप्पट लांब झाला की जोरही दुप्पट लागतो.

खरा तंटा कॉटरचा. क्रँक एक्सलला धरून ठेवणारी ही तिरकी घासलेली पिन जुन्या सायकलींत जितकी साधी, तितकी हट्टी. मी ठोकायला सुरुवात करणार तोच समोरच्या ओट्यावरून आरा मशीनचे जुने मिस्त्री ओरडले, "भाऊ, टुकटुक करू नका! टुकटुक केली का पिनचं डोस्कं फुलते, मंग थे भोकातून निघतच नाही. खाली टेका द्या, अन् एकच द्या, पण पूर्ण द्या."

टेका का, तेही त्यांनी सांगितलं. क्रँक अधांतरी असेल तर घणाचा निम्मा मार एक्सलखालच्या छर्‍यांना आणि कपांना बसतो. पिन तिथेच राहते, बेअरिंगला मात्र खड्डे पडतात. म्हणून फरशीवर खल उलटा, त्याच्या बुडावर धावड्याचा ठोकळा आणि ठोकळ्यावर पाइपचा बोटभर तुकडा अशी उतरंड रचली, क्रँक तिच्यावर टेकवली. पिन त्या पाइपात उतरणार होती. ठोकळा धावड्याचाच हवा, असा मिस्त्रींचा आग्रह. कुऱ्हाडीचे दांडे आणि बैलगाडीचे आस ज्या लाकडाचे करतात, ते मार खाऊन दबत नाही. साग इथे कुचकामी, भाव कितीही असो. बत्त्यानं ठोकायचा माझा विचारही त्यांनी मोडून काढला. ओतीव लोखंडाची कपची उडाली तर ती थेट डोळ्यात. त्यांनी पाचर ठोकायची दोन किलोची हातोडी दिली.

कॉटरचा नट पूर्ण काढायचा नाही. पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल ठेवायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. उजवी पिन एका घावात खाली सरकली, मग नट काढून बाहेर आली. डावीचं डोकं मात्र फुललं. ती ड्रिलनं पोखरून काढावी लागली, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. पिन नवी स्वस्तात मिळते, क्रँक जपायची असते.

फ्रीव्हीलला साखळी गुंडाळून ओढण्यात अर्थ नाही, कारण ती ज्या दिशेनं आट्यांवरून उतरते, त्याच दिशेनं मोकळी फिरते. म्हणून ती फोडूनच काढायची. वरच्या झाकणाला दोन खळगे असतात, आटे उलटे. खळग्यात बोथट छिन्नी टेकवून घड्याळाच्या दिशेनं ठोकलं की झाकण सुटतं. खाली परात ठेवा, नाहीतर छर्रे अंगणभर. कुत्ते (एकाच दिशेनं अडकणारे खटके) आणि स्प्रिंग काढल्यावर आतला गाभा उरतो. मिस्त्रींनी तो मशीनवरच्या शिकंज्यात आवळला आणि मी दोन्ही हातांनी रिम धरून चाक फिरवलं. चौदा इंचांच्या त्या त्रिज्येपुढे गंज टिकला नाही.

हँडल त्या मानानं सोपं. वरचा बोल्ट चार आटे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोकलं की आतली पाचर खाली पडते.

त्याच दिवसांत, ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना थांबल्याची बातमी आली. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेली कंपनी. सुट्या भागांची काळजी मात्र करू नये. आपल्या काळ्या सायकली सगळ्या एकाच इंग्रजी साच्यावर बेतलेल्या, त्यामुळे बरेच भाग एकमेकींना चालतात.

एक गोष्ट मी सोडून दिली, ती म्हणजे चेनव्हीलच्या बाजूचा पक्का कप. त्याचे आटे उलटे आणि पकडायला कडा अगदी पातळ. घरच्या पान्यानं त्या घासून गुळगुळीत होतात. तो जागेवरच रॉकेलनं धुऊन ग्रीस भरा. आणि नवा कॉटर आणायला जाल तेव्हा जुनी पिन खिशात असू द्या. मापात बारीक फरक असतो, आणि तिरकी बाजू कानशीनं घासून बसवावीच लागते.