कमांडचं टेबल

मंगफ, कुवेत
शुक्रवार

चि. भाचीबाईंस,


तू पाठवलेला डीबगरचा कोड वाचला. काल रात्री नुसता चाळला होता, आज सुट्टी म्हणून निवांत बसून पाहिला. (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, हे तुझी आई अजून विसरते आणि रविवारी भर मीटिंगमध्ये फोन करते.) ब्रेकपॉइंटचं काम तुला छान जमलंय. मूळ इन्स्ट्रक्शन बाजूला ठेवून तिथे ट्रॅप घालायचा, थांबल्यावर मूळ इन्स्ट्रक्शन जागेवर ठेवून एक पाऊल पुढे जायचं आणि ट्रॅप पुन्हा घालायचा, इथे भल्याभल्यांची गाडी अडते. तुझी अडलेली नाही.

कमांड वाचणारं फंक्शन पाहिलं मात्र, आणि मी चष्मा पुसला. स्ट्रिंग-कम्पेअर, एल्स-इफ, पुन्हा स्ट्रिंग-कम्पेअर, पुन्हा एल्स-इफ. खाली जाता जाता चहा निवला. हेल्पचा मजकूर भलत्याच फाइलीत, आणि तू मागाहून घातलेल्या 'वॉच' कमांडचा त्यात पत्ताच नाही.

ही माळ मोडून टेबल कर, एवढंच सांगायचं असतं तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पुरल्या असत्या. टेबल कसं करायचं ते तुला कोणीही सांगेल. त्याच्या प्रत्येक ओळीत रकाने किती आणि कुठला रकाना कशासाठी, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. आणि डीबगर वापरणाऱ्याच्या वाट्याला काय येणार, ते तिथेच ठरतं.

सुरुवात जीएनयू रीडलाइनच्या मॅन्युअलपासून कर. त्यात एक छोटा नमुना प्रोग्राम आहे, फाइली हाताळणारा. त्याच्या स्ट्रक्टमध्ये तीनच रकाने: नाव, फंक्शनचा पॉइंटर आणि एका ओळीची माहिती. खाली अ‍ॅरे, शेवटच्या ओळीत सगळं नल. शोधायचं म्हणजे वरून खाली एक लूप. हेल्प म्हणजे तोच अ‍ॅरे छापायचा, त्यामुळे नवी कमांड घातली आणि हेल्पमध्ये राहून गेली असं होऊच शकत नाही. हॅश, बायनरी सर्च यांच्या नादी लागू नकोस. तीस-चाळीस कमांड आणि समोर टाइप करणारा माणूस, तिथे लूपचा वेळ कोण मोजतो?

सी-मधल्या दोन गोष्टी लगेच सांगतो. टेबल कॉन्स्ट कर. उद्या हाच कोड एखाद्या बोर्डावर चढवलास तर ते फ्लॅशमध्ये बसेल, आधीच तुटपुंजी असलेली रॅम खाणार नाही. आणि प्रत्येक रकाना नावानिशी भर, डॉट-नेम अमुक, डॉट-हेल्प तमुक. सी-९९पासून ही सोय आहे. नुसत्या क्रमाने भरलंस आणि पुढे कधी मध्येच एखादा स्ट्रिंगचा रकाना घुसवलास, तर माहिती त्या नव्या रकान्यात जाऊन बसते आणि माहितीचा रकाना रिकामा राहतो. दोन्ही कॅरेक्टर पॉइंटरच, त्यामुळे कंपायलर हूं की चूं करत नाही.

आता चौथा रकाना. तो मला इथल्या कामाने शिकवला.

माझं काम तेलाच्या टाक्यांवरच्या लेव्हल गेजचं, मीना अब्दुल्लाच्या पट्ट्यात. प्रत्येक गेजमध्ये छोटा प्रोसेसर, आणि त्याच्या पोटात सिरियल लाइनवर बोलणारा एक मॉनिटर: मेमरी दाखव, रजिस्टर दाखव, रीसेट कर. म्हणजे तुझ्या डीबगरचा गरीब चुलतभाऊच. जूनपासून ऑगस्टअखेर सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला इथे सरकारी बंदी असते, म्हणून उन्हाळ्यात ही कामं पहाटे किंवा रात्री. याच देशात मित्रिबाला जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते मान्यही केलं. तेव्हा पहाटेचा गारवा किती असेल ते तूच ताड. परमिटची वेळ संपत आलेली, बोटं घामाने ओली, कन्सोलवर एखादा मल्याळी टेक्निशियन नाहीतर इजिप्शियन सुपरवायझर. 'रजिस्टर्स' असा अख्खा शब्द कोण टाइप करणार? तो 'आर' दाबतो आणि एंटर मारतो.

लघुरूप आलं की भांडण आलं. 'आर' म्हणजे रजिस्टर्स, रन, रीड की रीसेट?

रिचर्ड स्टॉलमननी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबी या डीबगरचं याला उत्तर असं, की जेवढ्या अक्षरांनी कमांड एकमेव ठरते तेवढी पुरेत. संदिग्ध असेल तर मी कोणकोणत्या कमांड जुळतात ते सांगेन आणि थांबेन. शिवाय रोजच्या वापरातल्या काहींना मानाचं पान: 'एस'ने सुरू होणाऱ्या ढीगभर कमांड असल्या तरी नुसता 'एस' म्हणजे स्टेप. टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाला हे सोयीचं आहे. माझ्या मते फील्डवर ते धोक्याचं. कारण 'एकमेव' हा गुण त्या कमांडचा नसतोच, आजूबाजूच्या यादीचा असतो. आज 'रेस' म्हणजे रीसेट. पुढच्या आवृत्तीत रीसेटचं नाव बदललं आणि रिझ्यूम आली, की तीच तीन अक्षरं निमूटपणे दुसरंच काम करतात. बोटांना कोणी रिलीज नोट्स वाचून दाखवत नाही.

लिनक्स कर्नलच्या केडीबी या डीबगरने हा प्रश्न स्ट्रक्टमध्येच सोडवलाय. तिथे 'मिनलेन' नावाचा रकाना आहे: हेल्पला एक, समरीला चार, आणि जिथे शून्य तिथे अख्खं नाव लिहा. तुलना इतकी काटेकोर की समरीची पहिली चार अक्षरं चालतात, पूर्ण शब्द चालतो, पण पाच अक्षरं टाइप केली तर चालत नाहीत. दुसरीकडे हाच केडीबी सढळही होतो. मेमरी दाखवणाऱ्या 'एमडी'ला चिकटूनच पत्ता लिहिला, मध्ये जागा सोडली नाही, तरी तो समजून घेतो. नाव जुळलं नाही तर टाइप केलेल्याची सुरुवात एखाद्या कमांडसारखी आहे का, हे पाहण्यासाठी तिथे मुद्दाम दुसरा लूप घातलाय. गडबडीत स्पेसबार सुटलेल्या माणसाचा विचार ज्याने केला, त्याच्याविषयी मला फार बरं वाटतं.

तू हा रकाना घे. रजिस्टर्सला एक दे, स्टेपला एक दे. रीसेटला अख्ख्या नावाची लांबी दे.

कर्नलच्या सोर्समध्ये शिरलीसच तर डीबग-कोर नावाची फाइल उघड आणि वरची कॉपीराइटची यादी वाच. व्हेरिटास, २०००-२००१. अमित काळे, २००३-२००४. लिनसिससॉफ्ट, २००४ ते २००६. ही लिनसिससॉफ्ट पुण्याची. तेव्हा केजीडीबी हा कर्नलचा डीबगर मूळ कर्नलमध्ये नव्हता, पॅच म्हणून बाहेर सांभाळावा लागत होता; कर्नलची नवी आवृत्ती आली की पॅच पुन्हा बसवायचा. २००८ मध्ये २.६.२६ आवृत्तीत तो आत आला आणि २०१० मध्ये २.६.३५ मध्ये केडीबी त्याला येऊन मिळाला. आपल्याकडे डीबगर लिहिणारं कोण आहे, असं तू मागे फोनवर विचारलं होतंस ना?

पाचवा रकाना पुनरावृत्तीचा. रिकामा एंटर मारला की आधीचीच कमांड पुन्हा, ही सवय जीडीबीने सगळ्यांना लावली. पण पुन्हा म्हणजे नेमकं काय? स्टेप असेल तर आणखी एक पाऊल. सोर्स दाखवणारी लिस्ट असेल तर त्याच ओळी पुन्हा नकोत, पुढच्या हव्यात. म्हणजे कमांड तीच, आर्ग्युमेंटशिवाय. केडीबीत यासाठी दोन वेगळे फ्लॅग आहेत, एक आर्ग्युमेंटसकट पुन्हा चालवणारा आणि एक त्यांच्याशिवाय. यू-बूट या बूटलोडरच्या प्रत्येक कमांडला पुन्हा चालवायची की नाही ते सांगावं लागतं. जीडीबीतली डिलीट आर्ग्युमेंट नसेल तर सगळेच ब्रेकपॉइंट काढते, म्हणून त्या फंक्शनच्या सुरुवातीलाच 'पुन्हा नको' असं सांगून टाकलंय. तुझ्या कोडमध्ये एंटर सरसकट मागची कमांड चालवतो. मेमरीत लिहिणारी कमांडसुद्धा! ते आधी थांबव.

यू-बूटचा विषय निघालाच आहे तर त्यांची मांडणीही बघ. तिथे मधोमध एक मोठा अ‍ॅरे नाही. प्रत्येक कमांडची फाइल एका मॅक्रोने आपली ओळ स्वतः जाहीर करते आणि लिंकर त्या सगळ्या ओळी एका पट्टीत, नावांच्या क्रमाने लावतो. टेबल कोणी लिहीतच नाही, ते जमतं. मोह होईल, पण एवढ्यात नको. त्या ओळीकडे कोडमधलं कोणीच नावाने बोट दाखवत नाही, त्यामुळे लिंकरला न वापरलेले तुकडे काढायला सांगितलं असेल आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये 'कीप' लिहायचं राहिलं, तर अख्खी कमांड गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. त्यांची एक सवय मात्र आजच उचल: फंक्शनने 'वापर चुकला' असा ठरावीक कोड परत केला की वापराची ओळ छापायचं काम शेलचं. तुझ्या प्रत्येक फंक्शनमधला तोच प्रिंटएफ मग उडेल.

फंक्शनला काय द्यायचं, यावर दोन पंथ आहेत. यू-बूट शब्द तोडून आर्ग-सी, आर्ग-व्ही देतो. जीडीबी कमांडच्या पुढचा मजकूर जसाच्या तसा देतो, कारण 'प्रिंट'च्या पुढे अख्खी सी-ची एक्स्प्रेशन येते आणि स्पेसवर तोडली तर तिचा चुराडा होतो. सोबत आणखी एक इंटिजर येतो: ही कमांड कीबोर्डवरून आली की स्क्रिप्टमधून. माणूस असेल तर 'नक्की ना?' विचारायचं, स्क्रिप्ट असेल तर अडवायचं नाही. तुझ्या प्रिंटलाही एक्स्प्रेशन लागणार, तेव्हा कच्चा मजकूर दे आणि ज्यांना शब्द हवेत त्यांनी तोडून घ्यावेत.

आकडे वाचताना मात्र जपून. इथला दिनार हजार फिल्सचा, म्हणजे दशांशानंतर तीन घरं. सप्टेंबर २०१६ पासून साधं पेट्रोल लिटरला ८५ फिल्स. दोन घरं छापायची सवय असलेल्याने पंपाचा दर ०.०८५ दाखवायला घेतला तर पडद्यावर ०.०९ उमटतं, ८५चे ९० फिल्स. म्हणून पैसे इंटिजरमध्ये, फिल्समध्येच ठेवायचे. पण मग कोणीतरी सवयीने ०८५ टाइप करतो. स्ट्रिंगमधून आकडा काढणाऱ्या फंक्शनला बेस शून्य दिलेला असेल तर सुरुवातीच्या शून्यामुळे ते आकडा अष्टमान धरतं, आठवर अडखळतं आणि हातात शून्य ठेवतं. वाचन कुठे थांबलं ते सांगणारा पॉइंटर तपासला नाहीस तर कळणारही नाही. मेमरीचे पत्ते वाचताना तूही बेस शून्यच दिला आहेस आणि तो पॉइंटर नल आहे. यू-बूट न सांगता आकडे हेक्स धरतो, जीडीबी दहाचे. तू काहीही ठरव, पण आर्ग्युमेंटचा प्रकार टेबलात लिही आणि वाचायचं काम एकाच ठिकाणी कर. जीडीबीत सेटिंग जाहीर करताना प्रकार सांगितला की सेट आणि शो अशा दोन्ही कमांड एका दमात तयार होतात. ती सोय चोरण्यासारखी आहे.

आणि खास इथला एक किडा. इथल्या कीबोर्डवर अरबी-इंग्रजी एका बटणाने बदलते. ऐंशीच्या दशकात याच कुवेतच्या अल-आलमिया कंपनीने 'सख्र' नावाचे अरबी संगणक घरोघरी नेले, तेव्हापासून अरबी टाइप करणं इथे पोराबाळांच्या हातचं झालंय. कोणीतरी कीबोर्ड अरबीवर ठेवून जातो, तुझ्या कमांड लाइनला १२७ च्या वरचे बाइट मिळतात, आणि जिथे कॅरेक्टर साइन्ड असतो तिथे ते ऋण होतात. तसाच बाइट इज-स्पेसला दिलास तर सी-चं स्टँडर्ड हात वर करतं. काही लायब्रऱ्यांमध्ये टेबलाच्या बाहेरची मेमरी वाचली जाते. आधी अनसाइन्ड कॅरेक्टर करून घे. सांगलीत कोण अरबी टाइप करणार, म्हणशील. मराठीत टाइप करून बघ, हेच होईल.

सहावा रकाना परवानगीचा, तो केडीबीतूनच घे. तिथे प्रत्येक कमांडवर शिक्का आहे: मेमरी वाचते, मेमरीत लिहिते, रजिस्टर बदलते, मशीन रीबूट करते, किंवा केव्हाही निर्धोक. मशीनचा मालक यातलं हवं तेवढंच उघडं ठेवू शकतो. आमच्याकडच्या एका जुन्या मॉनिटरमध्ये हा शिक्का नाही. त्यामुळे नुसती लेव्हल वाचायला आलेल्या नव्या पोरालाही सगळ्या किल्ल्या मिळतात आणि आम्हाला त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं.

तर फंक्शनं सध्या रिकामी राहू देत. आधी नुसतं टेबल लिहून पाठव, सगळे रकाने भरून. मी पहिल्यांदा रीसेटची ओळ बघणार आहे. आईला सांग, आगळाची बाटली न फुटता पोचली आणि मंडळाच्या गणपतीच्या जेवणाआधीच संपणार आहे.

तुझा,
मामा