घराची मागची बाजू

नकाशे काढणाऱ्या माणसाला एक खोड लागते. सुंदर घराचा फोटो दिसला की तो आधी प्लॅन शोधतो. जिना कुठून चढतो, न्हाणीचं पाणी कुठून उतरतं, स्वयंपाकघराचं दार कुठे उघडतं. पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. सुरुवातीला ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं, मग कॉम्प्युटरवर. डिग्री नाही, डिप्लोमा आहे. आमच्या घरात तोही पहिलाच.

ऑफिसच्या कपाटात एक जाड पुस्तक आहे, त्यात ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरातलं एक घर आहे. पोर्तुगीजमध्ये त्याचं नाव ‘कासा दे व्हिद्रो’, म्हणजे काचेचं घर. मी तिथे गेलेलो नाही, जाण्याचा संभवही नाही. पण त्याचा प्लॅन मला डोळे मिटूनही काढता येईल, इतक्या वेळा पाहिला आहे.

हे घर लीना बो बार्दी या बाईंनी बांधलं, स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी. लीना मूळच्या रोमच्या, जन्म १९१४चा. १९३९ मध्ये आर्किटेक्टची पदवी घेऊन त्या मिलानला गेल्या आणि युद्ध सुरू झालं. त्या वयात घरं बांधायची, तर शहरावर बॉम्ब पडत होते. १९४३ मध्ये त्यांचं ऑफिसही बॉम्बहल्ल्यात गेलं. बांधायला काही नव्हतं म्हणून त्या मासिकांसाठी चित्रं काढत राहिल्या, लिहीत राहिल्या. १९४६ मध्ये कलेचे व्यापारी आणि समीक्षक पिएत्रो मारिया बार्दी यांच्याशी लग्न झालं आणि दोघं बोटीनं ब्राझीलला गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या एका वृत्तपत्रमालकानं साओ पावलोत कलासंग्रहालय काढलं आणि ते पिएत्रोंच्या हाती दिलं. पिएत्रो पुढे कित्येक वर्षं त्याचे संचालक होते.

मोरुम्बी हा आज साओ पावलोतला श्रीमंतांचा भाग. १९५१ मध्ये हे घर पूर्ण झालं तेव्हा तिथे वस्तीच नव्हती. जुन्या चहाच्या मळ्याची जमीन, आसपास उरलंसुरलं जंगल, आणि डोंगराच्या उतारावर हे पहिलं घर. लीनाबाईंनी डोंगर कापून सपाट केला नाही. बारीक लोखंडी खांबांवर घर उचललं आणि उतार खालून जाऊ दिला. आमच्याकडे उतारावरचं काम आलं की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो, म्हणून मला याचं फार अप्रूप. खालून लोखंडी जिना चढून वर आलं की एकदम मोठा दिवाणखाना लागतो. त्याला तीन बाजूंनी जमिनीपासून छतापर्यंत काच. खाली फिकट निळ्या काचेच्या बारीक तुकड्यांची फरशी. मधोमध चौकोनी मोकळी जागा सोडलेली आणि तिच्यातून खालचं झाड वर गेलेलं. आपल्या जुन्या वाड्याच्या चौकासारखं म्हणावं, तर चौकात आपण उतरू शकतो. इथे झाड फक्त काचेतून पाहायचं.

या काचेच्या खोलीत दोघांनी जमवलेल्या वस्तू आहेत. युरोपातली जुनी शिल्पं, चित्रं, जुन्या खुर्च्या, आणि त्यांच्या शेजारीच ब्राझीलच्या गरीब भागांतल्या कारागिरांनी केलेल्या मातीच्या, लाकडाच्या वस्तू. काचेच्या घराला भिंती कमी, म्हणजे चित्रं टांगायलाही जागा कमी. म्हणून बरंच काही जमिनीवर उभं आहे, पाठीमागे झाडं. संगमरवर आणि खेळणं यांत वरची पायरी कुणाची, हे बाईंनी ठरवलेलं दिसत नाही. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो इथपासून.

पण प्लॅन.

फोटोत दिसतं ते घराचं पुढचं अंग. प्लॅनमध्ये मागचंही दिसतं. दिवाणखान्याच्या मागे मालकांच्या झोपायच्या खोल्या. हे मागचं अंग खांबांवर नाही. साध्या जाड पांढऱ्या भिंती घालून ते जमिनीवर टेकलेलं आहे. झोपायच्या खोल्यांमागे चिंचोळं अंगण, आणि अंगणापलीकडे नोकरांच्या खोल्या. दोन्ही बाजूंना जोडणारी एकच गोष्ट, स्वयंपाकघर. पुढच्या बाजूला दरीचा देखावा, मागच्या बाजूला भिंतीचा. एवढ्या पारदर्शक घरात काम करणाऱ्यांची जागा तेवढी पारदर्शक नाही. ही माझी शोधक नजर वगैरे नाही. लीनाबाईंवर अभ्यास करणाऱ्यांनीही याची दखल घेतलेली आहे. मी फक्त तो प्लॅन पहिल्यांदा पाहिला तेव्हा बोट अंगणावरून सरकून त्या मागच्या खोल्यांवर थांबलं, कारण तो प्लॅन मला ओळखीचा होता.

माझी अम्मी पाचगणीला एका बंगल्यात अकरा वर्षं कामाला होती. मालक मुंबईचे. वर्षातून दोन-तीन महिने यायचे, पण आल्यावर माणसांनी घर भरायचं. बंगला कड्याच्या बाजूला, उतारावर. समोर अख्खं कृष्णेचं खोरं आणि खाली धोम धरणाचं पाणी. समोरच्या बाजूला सगळ्या मोठ्या काचा. त्या माणसांना चित्रांचा शौक होता. एक मोठं चित्र दिवाणखान्यात होतं, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांचं. ‘ओल्या फडक्यानं चित्राला हात लावायचा नाही’, एवढीच त्या चित्राबद्दल अम्मीला दिलेली माहिती.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याबरोबर जायचो. माझी जागा स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर. समोर दोन हातांवर दगडी ताल, तिच्यावर शेवाळ, आणि नळाखाली घासायची भांडी. एकदा घरात कुणी नाही असं पाहून मी दिवाणखान्यात पळालो आणि काचेला नाक लावून उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. अम्मीनं मनगट धरून मागे ओढलं. मग पदरानं काचेवरचा माझ्या नाकाचा डाग पुसला. तो डाग पुसतानाची तिची घाई मला अजून दिसते.

यावर हळहळून मोकळं होता येत नाही, कारण पुढचं काम मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी मुळशीच्या बाजूला एका डोंगरउतारावरच्या बंगल्याचं काम ऑफिसात आलं होतं. तलावाकडे तोंड करून सगळ्या खोल्या, चित्रांसाठी खास प्रकाश सोडलेली एक लांब भिंत. सर्व्हंट रूम मागे, रिटेनिंग वॉलला लागून, सहा बाय आठ. मी तिला बाजूच्या भिंतीत तीन फुटांची खिडकी काढली होती. मान वाकडी केली तर तिच्यातून तलावाची पट्टी दिसली असती. प्लॅन मालकांकडून परत आला तेव्हा त्या खिडकीवर लाल फुली होती. ती खिडकी पाहुण्यांच्या टेरेससमोर उघडते, वाळत घातलेले कपडे दिसतील, असं कारण. सरांनी सांगितलं, व्हेंटिलेटर कर. मी खिडकी खोडली आणि सात फुटांवर दीड फुटाचा व्हेंटिलेटर काढला, धुरकट काचेचा. पाच मिनिटांचं काम. मी काही बोललो नाही. नोकरी जाईल अशी भीतीही नव्हती. सवय होती.

लीनाबाई मात्र त्या घराशी थांबल्या नाहीत. काचेचं घर हे त्यांचं बांधून झालेलं पहिलंच घर. त्यानंतर १९५८ ते १९६४ त्या बहुतेक काळ बाहिया प्रांतात साल्व्हादोरला होत्या. तिथल्या गरिबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी संग्रहालयात मांडल्या. १९६४ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि ते काम सुटलं. १९६८ मध्ये साओ पावलोच्या पाउलिस्ता रस्त्यावर त्यांनी बांधलेली संग्रहालयाची नवी इमारत उघडली. ती जागा उंचावर, जिथून दरी आणि शहर दिसायचं, लोक पूर्वीपासून तिथे देखावा पाहायला यायचे. बाईंनी अख्खी इमारत चार पायांवर उचलली. दोन पायांमधलं अंतर ७४ मीटर आणि खालची जमीन पूर्ण मोकळी. तिथे बाजार भरत आला, मोर्चे जमत आले, कुणीही येऊन उभं राहू शकतं. १९५१ मध्ये घर उचललं आणि देखावा दोन माणसांना मिळाला. १९६८ मध्ये संग्रहालय उचललं आणि देखावा रस्त्यावरच्यांना राहिला. तंत्र तेच.

त्या संग्रहालयात चित्रंही भिंतीवर टांगली नव्हती. काँक्रीटच्या ठोकळ्यात एकेक काच उभी केलेली आणि काचेवर चित्र. चित्रकाराचं नाव मागच्या बाजूला. नाव वाचायचं तर वळसा घालून मागे जावंच लागतं, आणि मागे गेलं की कॅनव्हासची पाठ, चौकटीच्या फळ्या, खिळे सगळं दिसतं. बड्या लोकांना ते पटलं नाही. १९९६ मध्ये त्या काचा काढून टाकल्या, २०१५ मध्ये परत आणल्या. बाई १९९२ मध्येच गेल्या, त्या काचेच्या घरातच.

आता त्या घरातून शहर फारसं दिसत नाही म्हणतात. बाईंनी भोवती झाडं लावली, जंगल परत वाढलं, आणि ज्या देखाव्यासाठी काच लावली तो पानांनी झाकला.

गेल्या रमजानच्या आधी एका रविवारी मी ते पुस्तक घरी आणलं. अम्मी आता आमच्याजवळ पुण्यात असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं पाहायची हौस आली आहे. जोहरची नमाज पढून पलंगावर बसली होती, तिच्या मांडीवर मी फोटो उघडून ठेवला. तिनं बराच वेळ पाहिला. मला वाटलं, पाचगणी आठवली असेल.

“इत्ते काच,” ती म्हणाली. “पोंछता कौन था?”

मी प्लॅनचं पान काढलं. अंगण दाखवलं, मागच्या खोल्या दाखवल्या. प्लॅन तिला वाचता येत नाही, पण मधल्या चौकोनावर बोट ठेवून हे स्वयंपाकघर म्हटल्यावर तिला लगेच सगळं उमगलं. दोन्हीकडे पाय तुटायचे, म्हणाली. मग मागच्या खोल्यांचा फोटो दाखव म्हणाली. आमच्या त्या पुस्तकात तो नाही. मी पानं उलटून पाहिली, नाहीच.

तेव्हा मी जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. अकरा वर्षांत तिला तो देखावा एकदा तरी बसून पाहावासा वाटला नाही का?

ती हसली. “तू समझता मैंने देखी नई?”

मग सांगू लागली. बाहेरच्या बाजूनं काचा पुसायचं काम सकाळचं. फजर झाली की पायी निघून ती साडेसहाला बंगल्यावर असायची. मालक मंडळी नऊपर्यंत उठत नसत, आतून जाड पडदे ओढलेले. ही बाहेरच्या ओट्यावर, हातात बादली आणि जुना पेपर. पाठीमागे दरी. एक काच पुसायची आणि वळून पाहायचं, दुसरी पुसायची आणि वळून पाहायचं. पावसाळ्यात ढग ओट्याखालून जायचे. हिवाळ्यात धोमचं पाणी आधी काळं, मग शिशासारखं, मग ऊन आलं की बघवत नसे. ज्यांचा बंगला त्यांनी ती वेळ कधी पाहिलीच नाही, म्हणाली. त्यात विजय बिजय नव्हता, माहिती दिल्यासारखं म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “बैठ के नई देखी, वो बात सही है.”

मी पुस्तक मिटलं. काय वाटलं कुणास ठाऊक, तिला मुळशीच्या खिडकीचं सांगितलं. फुलीचं, व्हेंटिलेटरचं, धुरकट काचेचं. इतकी वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ती रागावेल असं वाटलं होतं.

“बंगला बन गया?” तिनं विचारलं.

कधीच झाला, मी म्हणालो.

“उस कमरे में कौन रहती अब?”

मला माहीत नव्हतं.