जुन्या गाडीचा भाव

शर्यतीचा बैल म्हातारा झाला म्हणजे त्याचा भाव उतरतो, हें आमच्या कोल्हापुरांतल्या शेंबड्या पोरालाहि ठाऊक आहे. ऐन उमेदींत असतांना ज्या खोंडासाठीं लोक लाखांनीं रुपये मोजावयास तयार असतात, त्याच्या दावणीकडे दहा वर्षांनीं कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं. पहिलवानाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. खासबागेच्या मैदानांत ज्याच्या नांवाचा पुकारा होतांच फेटे हवेंत उडत, तो पुढें एखाद्या तालमींत वस्ताद म्हणून बसला तर त्याला मान मिळतो; इनाम मात्र नव्या दमाच्या मल्लाकडेच जातें. वेग आणि बळ यांचा बाजार हा असा तरुणांचाच. असें असतांना, वेगासाठींच जन्मलेल्या आणि आतां वयानें थकलेल्या कांहीं यंत्रांचे भाव मात्र वर्षानुवर्षें चढत आहेत, हें पाहून आम्हांस प्रथम मौज वाटली, मग नवल वाटलें आणि अलीकडे थोडी काळजीहि वाटूं लागली आहे.

यंत्र कोणतें, तें कोल्हापूरच्या वाचकांनीं ओळखलेंच असेल. तें डोळ्यांनीं पाहावें लागत नाहीं. गल्लीच्या तोंडाशीं असतांनाच कानांना त्याची वर्दी मिळते. यामाहा आर. एक्स. १००. एस्कॉर्ट्स कंपनीनें जपानच्या यामाहाच्या सहकार्यानें १९८५ सालाच्या अखेरीस ही मोटारसायकल आपल्या देशांत आणली, आणि १९९६ सालीं तिचें उत्पादन थांबलें. पुरतें एक तपहि नाहीं. इंजिन ९८ सी. सी. चें, शक्ति अकरा अश्वांची, वजन शंभर किलोंच्या आसपास. कागदावर हे आंकडे अगदींच बापुडवाणे दिसतात. परंतु अकरा अश्वांना ओढावयाचें ओझें इतकें हलकें असलें म्हणजे काय होतें, तें ज्यानें पन्हाळ्याचा चढ हिच्यावर बसून चढला असेल त्यालाच विचारावें. दुप्पट पैशांच्या गाड्या मागें टाकून ही पुढें जाई, आणि वर तिचा स्वार मागें वळून हंसे.

गुपित साधें आहे. चार-स्ट्रोक इंजिनांत दट्ट्या दोनदां वर जाऊन दोनदां खालीं येतो, तेव्हां कोठें एकदां स्फोट होतो. हिच्यांत प्रत्येक फेऱ्याला स्फोट. तेवढ्याच आकारमानांतून अधिक जोर, आणि तोहि ताबडतोब. पण जी घाई हिचें भूषण, तीच हिचें दूषण. जळलेला वायु बाहेर लोटण्याचें काम आंत शिरणाऱ्या नव्या मिश्रणाकडेच असल्यामुळें त्यांतलें थोडें न जळतांच धुराड्यावाटे निसटतें. शिवाय पेट्रोलाबरोबर वंगणाचें तेलहि जळतें. म्हणून तो निळसर धूर आणि तो गोडसर वास, जो आमच्या पिढीला तारुण्याची आठवण देतो आणि आमच्या नातवंडांना खोकला. पुढें धुराचे नियम कडक झाले आणि हिचे दिवस भरले. ज्या १९८५ सालीं ही आली, त्याच सालीं हीरो होंडाची चार-स्ट्रोक सी. डी. १०० हीहि आली होती. ती शांत, काटकसरी, थोड्या पेट्रोलांत दूर नेणारी. बाजार हा शेवटीं मुलीचा बाप आहे. त्यानें नादी जांवयापेक्षां संसारी जांवई पसंत केला, यांत आश्चर्य नाहीं. आश्चर्य आहे तें पुढच्या गोष्टीचें.

परदेशांत हाच खेळ मोटारींच्या बाबतींत चालला आहे. दोन दारांच्या, ठेंगण्या, मागच्या बांकावर धड मांजरहि बसूं नये अशा वेगवान मोटारींना तिकडे कूपे म्हणतात. फेरारीसारख्या राजघराण्यांतल्या गाड्यांची गोष्ट सोडून द्या. त्यांचें मोल तैलचित्रांसारखें होतें. पण काल-परवांच्या, वीस-तीस वर्षांच्या गाड्यांनाहि आतां तसेच दिवस आले आहेत. पोर्शेची हवेनें थंड होणारी ९११ ही १९९८ सालीं बंद झाली, आणि बंद झाली म्हणूनच महाग झाली. टोयोटाची सुप्रा घ्या. तिच्या १९९३ सालीं निघालेल्या चौथ्या पिढीपैकीं एक नारिंगी गाडी २००१ सालच्या एका अमेरिकन चित्रपटांत झळकली होती. तीच २०२१ सालीं लिलांवांत साडेपांच लाख डॉलरांस गेली. अमेरिकेचा कायदा असा आहे कीं, तिकडच्या नियमांप्रमाणें न बनवलेली परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याखेरीज सहसा आंत घेतां येत नाहीं. त्यामुळें जपानमधल्या एकेका जुन्या गाडीची पंचविशी जवळ आली कीं तिच्या किंमतीला, उपवर मुलाच्या पत्रिकेला फुटावेत तसे, पाय फुटतात.

याचीं कारणें पंडित लोक नाना प्रकारें सांगतात. आम्हांस त्यांतलें एकच पटतें. ज्या मुलांनीं पंधराव्या वर्षीं या गाड्यांचीं चित्रें भिंतीवर चिकटवलीं, तीं आतां पंचेचाळिशीचीं झालीं आहेत. खिशांत पैसा आला, डोक्यावरचे केंस गेले. तेव्हां जें मिळालें नाहीं तें आतां विकत मिळतें असें त्यांना वाटतें, आणि दुकानदार तें खोटें आहे असें सांगावयास बसलेला नसतो.

आमच्याकडे दोन दारांची मोटार ही चैन नसून अडचण समजली जाते. आजोबांना मागें चढवावयाचें कसें, आणि आजी एकदां आंत गेल्या तर बाहेर काढावयाच्या कशा, हे प्रश्न सोडविल्याखेरीज मराठी कुटुंबांत मोटारीची खरेदी होत नाहीं. प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत सान मोटर्सनें फायबरच्या अंगाची 'स्टॉर्म' नांवाची दोन माणसांची गाडी काढली. २००३ सालीं मारुतीनें आपल्या 'झेन' चा तीन दारांचा अवतार काढला, काळा तीनशें आणि रुपेरी तीनशें. दोन्ही थोड्याच निघाल्या, आणि आज त्या जपून ठेवणाऱ्यांच्या घरीं आहेत. आमच्या गांवापुरतें बोलावयाचें तर जुन्या मोटारीचें आमचें कौतुक वर्षांतून एकदां, दसऱ्याच्या दिवशीं, छत्रपति मेबॅकमधून दसरा चौकांत उतरतात तेव्हां पुरतें फिटतें. पण ती राजाची गाडी. तिच्याकडे पाहावयाचें असतें. ती आपली असावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. मध्यम वर्गाची कूपे दोन चाकांचीच निघाली, आणि ती ही.

शिवाय कोल्हापूरला एक निराळें बळ आहे, तें उद्यमनगरचें. या गांवच्या मेस्त्रींना अमुक भाग मिळत नाहीं हें वाक्य समजतच नाहीं. बाबूराव पेंटरांनीं चित्रपटाचा कॅमेरा येथेंच घडविला, आणि त्यांचा 'सैरंध्री' १९२० सालीं पडद्यावर आला. तेव्हांपासून, किंबहुना त्याच्याहि आधींपासून, नाहीं तें घडवावें ही या मातीची खोड आहे. दट्ट्याची कडी झिजली, घडवा. सिलिंडर खराब झालें, कांतून घ्या. तीस वर्षांमागें बंद पडलेली गाडी आज धांवते ती कंपनीच्या कृपेनें नव्हे. आणि गंमत अशी कीं, मेस्त्रीचें हेंच कौशल्य आतां गाडीचा भाव पाडतें! गिऱ्हाईक प्रथम विचारतो, इंजिनावरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर जुळतात का? सायलेन्सर मूळचा का? रंग कारखान्यांतला का? ज्या गाडीला कोणाचा हात लागला नाहीं ती मोठी, आणि जिला जिवंत ठेवण्यासाठीं पन्नास हात लागले ती हलकी. हा न्याय माणसांना लावला असता तर आमच्यापैकीं किती जण मूळचे ठरले असते, कोण जाणे.

अशी एक गाडी आमच्या घरांत होती. आमच्या थोरल्या बंधूंनीं ती १९९१ सालीं घेतली. काळी, टाकीवर रुपेरी पट्टा. रोज पंचगंगा ओलांडून ते तिच्यावरून नोकरीवर जात. संध्याकाळीं पुलापलीकडून आवाज आला कीं वहिनी चहाचें आधण ठेवीत, असें त्या सांगत. एवढ्या अंतरावरून आवाज येणें शक्य नाहीं, हें आम्ही त्यांना कधीं बोलून दाखविलें नाहीं. २००८ च्या सुमारास एका गवळ्यानें तिचे बारा हजार देऊं केले होते. बंधु नुसते हंसले. २०१४ सालीं ते गेले, आणि गाडी मागच्या सोप्यांत जुन्या लुगड्याखालीं उभी राहिली.

२०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी आमच्या गल्लींत शिरलें. गाडी टाकीपर्यंत बुडाली, आणि तिच्यामागची मातीची भिंत फुगली. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां आलें. गाडी मेस्त्रींनीं दोन्ही वेळां उघडून, धुऊन, चार दिवसांत पुन्हां बोलती केली. "वैनी, हिला काय हुतंय? लोखंड हाय. तेवढी भिंत बघा," असें ते म्हणाले. भिंत मात्र त्यांच्या विद्येंत नव्हती. तिला टेकू लावला होता, आणि त्या टेकूकडे पाहात आम्ही तीन पावसाळे काढले.

पुतण्या पुण्याला संगणकाच्या नोकरींत आहे. गाडीचा भाव लाखावर गेला हें प्रथम त्यानेंच आम्हांस सांगितलें. विकावी कीं ठेवावी, यावर दोन दिवाळ्या चर्चा झाली. चमत्कार असा कीं, भाव कमी होता तेव्हां तो म्हणे, "काका, बाबांची आठवण आहे, विकायची कशी?" आणि भाव चढला तेव्हां म्हणूं लागला, "आतांच कशाला? पुढच्या वर्षीं आणखी चढेल." एकदां भाव चढूं लागला म्हणजे मालकाचा हा रोग ठरलेला. तो गाडी विकीत नाहीं, कारण ती महाग होणार आहे; चालवीत नाहीं, कारण ती महाग झाली आहे. रस्त्यावर नेली तर ओरखडा उठेल, चौकांत उभी केली तर चोर नेईल. आणि या गाड्यांवर चोरांचाहि डोळा असतो, त्यांना बाजारभाव मालकापेक्षां आधीं कळतो. ज्या गवळ्यानें एके काळीं हिच्यावर दोन बाजूंना किटल्या लावल्या असत्या, त्याच्या मुलाला आज ती परवडत नाहीं. दागिना पेटींत गेला तर आमची तक्रार नाहीं, त्याला चाकें नसतात.

कायदाहि या वयाच्या गाडीला कोठें बसवावें, या विवंचनेंत दिसतो. पंधरा वर्षें झालीं कीं नोंदणी पुन्हां करून घ्यावी, तीहि पांच-पांच वर्षांसाठीं, आणि आमच्या राज्यांत वर पर्यावरणाचा कर भरावा. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पुराण्या वाहनांसाठीं नियम केले. त्यांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेलें आणि फेरफार न केलेलें वाहन सन्मानानें निराळ्या नंबराचें धनी होतें. मात्र तें रोजच्या वापरांत आणतां येत नाहीं. बंधूंच्या गाडीला ती प्रतिष्ठा २०४१ सालीं लाभली असती. तोंवर ती म्हातारी म्हणून दंडाची धनी, आणि पूज्य म्हणावी तर अजून पोर.

निर्णय अखेर वहिनींनीं घेतला. खंडेनवमीला गाडी बाहेर काढून त्यांनीं तिला हळद-कुंकू वाहिलें, झेंडूची माळ घातली, आणि संध्याकाळीं आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तो बेंगळूरचा मनुष्य अजून विचारतोय ना? त्याला बोलवा. येत्या पावसाळ्यांत टेकू राहायचा नाहीं." पुतण्या फोनवर पुष्कळ बोलला. त्यांनीं तें सगळें ऐकून घेतलें आणि विटांचा दर विचारला.

गिऱ्हाईक मूळचा बेळगांवचा, मराठी बोलणारा. त्यानें गुडघे टेकून दोन्ही नंबर पाहिले, बॅटरी लावून आंकडे ताडले, आणि एक लाख चाळीस हजार म्हणाला. पाण्यांत बुडालेली गाडी, असें कारण दिलें. वहिनी आंत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. तींत कारखान्यांतून आलेला मूळचा सायलेन्सर होता; बंधूंनीं तो १९९४ सालीं काढून नवा बसविला होता आणि जुना तेल लावून, वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. सोबत हत्यारांची छोटी पिशवी आणि खरेदीची पावती. त्या मनुष्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो आम्हीं पाहिला, आणि वहिनींनींहि पाहिला. "हें गाडीच्या किंमतींत धरलेलं नाहीं," त्या म्हणाल्या. शेवटीं एक लाख पंच्याहत्तरावर सौदा तुटला.

टेम्पो यावयाच्या आधीं मेस्त्री आले. त्यांनीं पेट्रोल सोडलें, दोन किका मारल्या, आणि गल्लींत आवाज घुमला. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग ते गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "सायेब, काचंच्या खोलीत ठेवा, न्हाईतर देव्हाऱ्यात ठेवा. पर पंधरा दिवसांतनं एकदा चालवा. न्हाईतर तेलाची सीलं वाळत्यात." त्या मनुष्यानें खिशांतून फोन काढला आणि तें लिहून घेतलें. भिंतीचें काम मार्गशीर्षांत सुरू झालें.