ओढणारा आणि आवरणारा

मराठीत गाडी जोडतात, हाकतात, ओढतात आणि आवरतात. यांपैकी चौथे क्रियापद अलीकडे गाडीसाठी फारसे कानी येत नाही. घर आवरणे राहिले, पसारा आवरणे राहिले, रडू आवरणे राहिले. गाडी आवरणे मात्र बैलांबरोबर गेले. बैलजोडी गाडी नुसती ओढत नसे. उतार लागला की बैल पाय रोवून, मानेवरचे जू मागे रेटून मागचे ओझे थोपवून धरीत. म्हणून बैल पारखणारा शेतकरी त्याची ओढ जशी पाहायचा, तशीच उतारावरची त्याची चालही पाहायचा. ओझे साटीत कुठे ठेवायचे याचेही शास्त्र होते. माल मागे जास्त झाला, धुरा वर उचलली जाऊ लागली, की गाडी उलाळ झाली असे म्हणत आणि पोती पुढे सरकवीत. ओढणे, आवरणे आणि तोल सांभाळणे या तिन्ही गोष्टी मिळून गाडी होते, हे ज्ञान भाषेत पक्के मुरलेले होते.

मराठीच्या प्राध्यापकांनी ट्रॅक्टरच्या निवडीवर का लिहावे, याचे उत्तर या एका हरवलेल्या क्रियापदात आहे. त्याहून मोठे उत्तर आमच्या वर्गात आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात गेली अनेक वर्षे मराठी शिकवतो. धर्मापुरी आणि आसपासच्या गावांतून, वाड्यांतून, तांड्यांतून मुले-मुली आमच्याकडे येतात. दसरा झाला की हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. दिवाळीनंतर काही बाक रिकामेच राहतात. त्या बाकांवरची मुले सांगली, कोल्हापूर, सातारा, अहिल्यानगर, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे उसाच्या फडात पोहोचलेली असतात. ती तिथे जातात ती ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून.

धर्मापुरी बाहेरच्या वाचकाला माहीत असते ती केदारेश्वराच्या कोरीव मंदिरामुळे आणि किल्ल्यामुळे. त्या शिल्पांवर लिहिले गेले आहे, पुढेही लिहिले जाईल. या गावाच्या रस्त्यावरून दर वर्षी एक दुसरे दृश्य जाते, त्याच्याकडे मात्र कोणी शिल्पासारखे निरखून पाहत नाही. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यापाठोपाठ कारखान्यांची माळ लागली आणि त्यांना ऊस तोडणारे हात बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांनी पुरवले. १९७२च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. आधी बैलगाड्या होत्या, मग ट्रक आले, आता बहुतेक टोळ्या ट्रॅक्टरच्या आहेत. टोळीचे मोजमाप माणसांत नव्हे, कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तो अर्धा. आठ-दहा कोयते, त्यांची लेकरे, एखादी म्हातारी, ज्वारी-बाजरीची पोती, भांडी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, दोन शेळ्या, टोपलीखाली कोंबड्या, आणि या सगळ्यावर चढून बसलेली माणसे. सहा महिन्यांचे घर त्या दोन ट्रॉल्यांत असते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने तीन वर्षांपूर्वी स्वतःची टोळी करायचे ठरवले. बी. ए. झालेला, वाचनाची आवड असलेला मुलगा. आई-वडिलांनी वीस हंगाम कोयता धरलेला. वडिलांनी दुसऱ्याच्या ट्रॉलीत बसणे आता थांबवावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. जुना ट्रॅक्टर घ्यायचा, कर्जाला जामीनदार हवे, म्हणून तो आमच्याकडे आला. सही करण्याआधी कशावर सही करतो आहोत हे समजून घ्यावे, म्हणून आम्ही त्याच्याबरोबर जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात गेलो.

तिथे जे प्रश्न ऐकले ते सगळे ओढण्याचे होते. इंजिन पन्नासच्या पुढचे आहे का? अर्जुन घ्यावा की जॉन डियर? फडातल्या चिखलातून भरलेली ट्रॉली बाहेर काढील का? चढाला दम टाकील का? डिझेल किती पिते? विकायला काढला तर काय येईल? आमचा विद्यार्थीही म्हणाला, "सर, वढायला कमी पडला नाही पाहिजे." त्याचे चुकत नव्हते. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. फडात रुतलेला ट्रॅक्टर म्हणजे बुडालेली खेप. पण आवरायचे कशाने, हा प्रश्न दिवसभरात एकाही गिऱ्हाइकाने विचारला नाही.

तो प्रश्न आम्ही विचारला, तेव्हा एका वयस्कर मेस्त्रीने समजावून सांगितले. ते इथे मांडतो, कारण ते कवितेइतकेच नीट वाचायला हवे. ट्रॅक्टर हे मुळात शेताचे यंत्र. त्याचे ब्रेक मागच्या दोन चाकांना असतात, पुढच्यांना सहसा नसतात. डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकची पेडले वेगवेगळी असतात, कारण नांगरताना तासाच्या टोकाला एकच चाक धरून वळायचे असते. रस्त्यावर आणताना ही दोन पेडले पट्टीने एकमेकांना जोडायची असतात. नाहीतर घाईत एकावरच पाय पडतो आणि ट्रॅक्टर जागीच आडवा फिरतो. अनेक जुन्या ट्रॅक्टरांची ती पट्टी गंजून तुटलेली असते, आणि ती नाही म्हणून कोणी भाव पाडून मागत नाही. आतले ब्रेक तेलात बुडालेले असतील, ज्यांना लोक ऑइल ब्रेक म्हणतात, तर ते लांब उतारावर कमी तापतात आणि चिखल-पाण्याने निकामी होत नाहीत. कोरडे ब्रेक तापले की पकड सोडतात.

मग वजनाचे गणित. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन अडीच टनांच्या आसपास. मागे दोन ट्रॉल्यांत ऊस भरला की पंधरा-वीस टन सहज होतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे अडीच टनांच्या प्राण्याने वीस टनांना आवरायचे. टोळी गावाहून निघते तेव्हा ऊस नसतो. पण दोन रिकाम्या ट्रॉल्या, तीस माणसे आणि धान्य मिळून ट्रॅक्टरपेक्षा अधिकच भरते, आणि ओझे उंच रचलेले असल्याने वळणावर तोल लवकर जातो. सपाटीवर हे कळत नाही. मांजरसुंब्याच्या घाटासारखा उतार लागला की ओढले जाणारे ओढणाऱ्याला ढकलू लागते. ट्रॅक्टर किंचित तिरपा झाला तरी मागची ट्रॉली त्याला आणखी तिरपा करते आणि सगळ्या गाडीची घडी होते. याला उपाय एकच: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, म्हणजे इंजिनच ओझे आवरून धरते. प्रत्यक्षात डिझेल वाचवण्यासाठी कित्येक जण उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात. वेग ताशी वीसवरून तीसवर गेला, तर थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. हे शाळेच्या पुस्तकात असते; पण जो ट्रॉलीत बसतो तो ती शाळा अर्धी सोडूनच बसलेला असतो.

याच सुमारास टेक्सासमधल्या आमच्या भाच्याचा फोन आला. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन हिंडण्यासाठी त्याला चाकांवरचे घर घ्यायचे होते; पलंग, ओटा, न्हाणीघर असलेला ट्रेलर. ट्रेलर पसंत होता. तो ओढायला पिकअप ट्रक कोणता घ्यावा, यावर त्याचा तीन महिने अभ्यास चालला होता. कंपनीने लिहून दिलेले ओढीचे कमाल वजन, ट्रक-ट्रेलर-माणसे मिळून होणारे एकूण वजन, जोडावर येणारा भार; हा भार एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा, कमी झाला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलू लागतो. आमच्या आजोबांना हे उलाळ या एका शब्दात ठाऊक होते, असे आम्ही त्याला म्हणालो, तेव्हा तो हसला. तिथल्या बहुतेक राज्यांत ठरावीक वजनापुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. जोड निसटला तर धरून ठेवायला साखळ्या असतात. "मामा, ओढणारे ट्रक पुष्कळ आहेत, मी थांबवणारा शोधतोय," असे तो म्हणाला.

या वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो. त्याचे ट्रेलरमधले घर वर्षातून दोन आठवड्यांचे, हौसेचे. आमच्या विद्यार्थ्याच्या ट्रॉलीतले घर सहा महिन्यांचे, पोटासाठीचे. फरक श्रीमंतीचा आहेच; पण त्याहून महत्त्वाचा फरक निवडणाऱ्याचा आहे. भाचा जे वाहन निवडतो त्यात त्याचीच लेकरे बसतात. इथे ट्रॅक्टर निवडतो मालक, टोळी ठरवतो मुकादम, खेपा मोजतो कारखाना. आणि उचल घेतलेले कोयते जे समोर येईल त्या वाहनात चढतात. उचल अंगावर असताना 'या ट्रॉलीला ब्रेक नाही, मी बसत नाही' असे म्हणण्याची मुभा कोणाला असते?

कायदा आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरच्या नोंदणीची तरतूद आहे, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रेलरवरही दिसला पाहिजे असे ६१व्या कलमात म्हटले आहे. क्षमतेपेक्षा जास्त ओझ्याला २०१९च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड ठेवला. मालासाठी नोंदलेल्या ट्रॉलीत माणसे बसवणे मुळातच नियमात बसत नाही. म्हणून अपघात झाला की विम्याच्या भरपाईचाही वाद होतो. म्हणजे ज्या प्रवासाने लाखो टन साखरेची सुरुवात होते, तो प्रवास कागदावर घडतच नाही. न घडणाऱ्या प्रवासाला सुरक्षिततेचे नियम तरी कसे असणार?

आमच्या विद्यार्थ्याने अखेर ऑइल ब्रेकचा, दोन्ही पेडलांची पट्टी शाबूत असलेला ट्रॅक्टर घेतला. ताकदीला तो थोडा कमी होता आणि पैशाला थोडा जास्त. जामिनाच्या सह्या करताना आम्ही एकच अट घातली: माणसे एसटीने जातील, ट्रॉलीत फक्त सामान. त्यावर त्याची आई म्हणाली, "मॅडम, तीस माणसांचं तिकीट कोन काढणार? आन शेळ्या एसटीत बसत्यात का?" तिचा प्रश्न आमच्या अटीपेक्षा खरा होता. तिच्याशी दोन तास बोलून ठरले ते असे: लेकरे, म्हातारी आणि गरोदर बाई एसटीने, त्यांचे भाडे टोळीच्या खर्चात. बाकीचे ट्रॉलीत, पण सामानावर नव्हे, तळाशी. आणि रात्री गाडी चालवायची नाही. शिवाय दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या आणि जोडाला पिनेशिवाय एक साखळी. सगळे मिळून खर्च जुन्या टायरच्या किमतीएवढाही आला नाही. तीन हंगाम तो असाच जातो आहे. यात धोका संपला असे आम्ही मानत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक अजूनही नाहीत.

एका जामिनाच्या सहीने जे झाले ते कारखान्याच्या एका ओळीने शेकडो टोळ्यांसाठी होऊ शकेल. मुकादमाबरोबर आणि वाहनमालकाबरोबर कारखाने दर वर्षी करार करतात. त्यात कोयते किती, उचल किती, टन किती, तारीख कोणती हे चोख असते. त्यातच लिहावे की ट्रॉलीला ब्रेक असल्याशिवाय गाडी करारात धरली जाणार नाही, आणि कामगारांना गावाहून आणण्या-नेण्याचे बसभाडे हा तोडणीच्या खर्चाचाच भाग आहे. साखरेच्या हिशेबात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान असेल.

करारांची भाषा आम्ही व्यवसायाने वाचणारी माणसे. त्यांत 'ओढणे' या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत: वाहतूक, खेप, उचल, पुरवठा. 'आवरणे' या अर्थाचा एकही नाही. येत्या दसऱ्याआधी तो एक शब्द तिथे लिहिला जावा, एवढेच मागणे आहे.